पाणी घालणारा

मी कधी खेळलो नाही. मी पाणी घालायचो.
रात्री दोनला, उणे तिसात, पिंपातून,
गरम पाण्याचा पातळ थर, तो धरला की दुसरा.
ऐनो राउतिआइनेन. पगाराच्या वहीत हे नाव
तीन तऱ्हांनी चुकवलेलं आहे.

त्या हिवाळ्यात चांदीच्या खाणवाल्यांनी
सात माणसं विकत आणली, थेट क्वेबेकहून.
खेळायचे पैसे घेतात, लाज नाही,
असं म्हणत गाव तिकिटाच्या रांगेत उभं राहिलं.

गोलात ओनेझिम थिबोदो.
पायांना क्रिकेटची पॅडं, पुढचे दोन दात गायब.
सामन्याआधी वाकून खांबाला काहीतरी सांगायचा, फ्रेंचमधून.
मला फ्रेंच येत नाही. खांबालाही येत नसावं.

बारा सामने, तीन जिंकले.
एकदा चकतीचे दोन तुकडे झाले:
अर्धी जाळ्यात, अर्धी बाहेर.
त्यावरून इथे अजून मारामारी होते.

फेब्रुवारीत अवेळी ऊन पडलं.
शेवटचा सामना घोट्याएवढ्या पाण्यात.
नऊ-एक हरलो,
आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते
की जणू ऊन मीच सोडलं.

मार्चमध्ये चांदीची शीर आटली.
थिबोदोचा महिन्याचा पगार बुडाला.
गाडीभाड्याला त्यानं माझ्याकडून चार डॉलर घेतले,
पॅडं तारण ठेवली.

ती खिळ्याला आहेत.
डावं जास्त झिजलंय.
त्या रात्रीही मी पाणी घातलं,
कुणी सांगितलं नव्हतं.