गालाच्या आतलं खाजन

तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्याचा गाल उघडला.
बांबोळीची टेकडी, टेबल क्रमांक चार,
पंख्याखाली डोळ्यांत चरचरणारं फॉर्मालिन.
गालफडाची कमान दोन ठिकाणी कापली,
चावण्याचा जाड स्नायू खाली दुमडला,
जबड्याचं टोक करवतून वर उचललं,
आणि मागे दिसली ती जागा
जिला पुस्तकात भिंती आहेत, छप्पर आहे,
तळ मात्र नाही.

कुलासो मॅडम म्हणाल्या,
"सुरीचं काम संपलं. आता बोथट चिमटा, आणि दम."

आधी शिरांचं जाळं आलं.
काळपट, गुंतलेलं, सुरू कुठून होतं कळेना.
अन्वेश म्हणाला, काढून टाकू,
परीक्षेत विचारत नाहीत.
मी चोडणची.
ओहोटीला खारफुटीची मुळं अशीच दिसतात,
चिखलात बोटं खुपसून बसलेली.
"या शिरांना झडपा नाहीत," मॅडम मागून,
"रक्त कुठल्याही दिशेनं जातं.
वरच्या दाढेतला पू
मेंदूच्या पायथ्यापर्यंत पोचू शकतो."
वहीत लिहिलं: झडपा नाहीत.
आणि खाली, का कोण जाणे:
मानशीला दारं असतात.

मग धमनी, स्नायूवरून आडवी, नागमोडी,
आणि तिची एक फांदी सरळ वर,
कवटीतल्या टाचणीएवढ्या भोकाकडे.
तिच्या वाटेत एक मज्जातंतू येतो.
भांडत नाही.
दोन पदर होतो, तिला मधे घेतो,
पलीकडे पुन्हा एक होऊन कानाकडे निघून जातो.
आमच्या बेटालाही पाण्यानं असंच मधे घेतलंय.

आणि जिभेच्या तंतूला चिकटलेला
एक धागा, केसाहून थोडा जाड.
यातून चव जाते,
कानाच्या पडद्याला घासून, वर.
किती तिरफळं, किती सोलं,
पेजेबरोबरचं किती खारं गेलं असेल यातून.
त्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत.

दुसरी बाजू उघडली तेव्हा
अन्वेश डबा खायला गेला होता.
डावीकडचा स्नायू माझ्या अंगठ्याएवढा,
उजवीकडचा जेमतेम करंगळी.
पुन्हा मोजलं.
ओठ उचलून पाहिलं:
उजवीकडची वरची दाढ अर्धी, काळी, कड धारदार.
म्हणजे हा एकाच बाजूनं जेवायचा.
वर्षानुवर्षं.
समोर ताट वाढणारं कुणी असेल,
त्यांनी पाहिलं असेल?

रायबंदरच्या फेरीत
शेजारची बाई माझ्या केसांच्या वासानं सरकून बसली.
घरी पपा नुकता बांधावरून आलेला,
पोटऱ्यांना वाळलेला चिखल,
पानात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण.
मी बघत होते.
घास डावीकडे. पुन्हा डावीकडे.
काट्याची फोड जिभेनं डावीकडे ढकललेली.

"उजवीकडची कुठली, पपा?"
"काय कुठली?"
"दाढ."
तो हुमणाकडे बघत राहिला.
"चवथीपासून. लवंग धरतो मी. बरी आहे."

गालावर हात ठेवला. गरम.
बोटांखाली तो स्नायू ताठ,
आणि त्याच्याही आत, मला माहीत होतं काय,
आज दुपारीच मी तिथून आले होते.

"मानशीच्या फळ्या बघून येतो," तो उठायला लागला,
"भरती लागेल."
"भरतीला दारं आपोआप मिटतात,
तूच सांगितलंयस. तोंड उघड."

उघडलं.
माझी दोन बोटं आडवी मावली,
तिसरं नाही.
टॉर्चच्या उजेडात तो डोळे मिटून बसला होता,
शाळेतल्या मुलासारखा.

"उद्या पहिल्या फेरीनं माझ्याबरोबर यायचं."

बराच वेळ काही नाही.
मग, तोंड तसंच उघडं ठेवून,
अर्धे शब्द घशातच:
"आणि मानस?"