पाण्याचा दिवस

पहिलं घर बघायला गेलो तेव्हा मिहिका पोटात होती.
आता ती जिने स्वतः चढते
आणि एजंटच्या आधी सांगते, "हे बेडरूम."

सैफुलचा फ्लॅट सव्वाचार लाखांनी हुकला.
विजापूर रोडचा एका रात्रीत.
जुळे सोलापुरात अकरा हजार टोकन दिलं, पेढे वाटले,
चौथ्या दिवशी टोकन मोबाइलवर परत आलं.
पुण्याच्या कुणीतरी दोन लाख जास्त दिले होते, न बघता.
"न बघता?" अंबादासनं तीनदा विचारलं.
बिराजदार म्हणाला, "व्हिडिओ कॉलवर बघितलं की."
पेढे तेवढे परत मागता येत नाहीत.

कारखान्यात अंबादास चादरीचे मोर काढतो,
आलेखाच्या कागदावर, चौकट चौकट भरून.
रात्री त्याच कागदाच्या पाठीवर हप्ते भरायचा:
एक चौकट, एक हजार.
मोराच्या शेपटीला वीस वर्षं लागत होती.
सासूबाईंचा विड्यांचा फंड, माझ्या पाटल्या, भिशी,
आणि भावजींचे पन्नास हजार,
जे अजून "देतो की" मध्येच आहेत.

होटगी रोडला गल्लीच्या टोकाला
शिवगंगाबाईंचं घर. ऊन त्रेचाळीसवर.
आमच्या आधी दोन पार्ट्या आत.
एकजण मोबाइलमधला होकायंत्र घेऊन
स्वयंपाकघरात गोल फिरत होता.
दुसरी बाई गच्चीचे फोटो कुणाला तरी पाठवत होती.
मी म्हटलं, हौदाचं झाकण काढता का.
केरसुणीचा दांडा उभा सोडला आत,
ओला कुठवर होतो ते बघितलं.
"साडेतीन हजार लिटर?"
"चार," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

मग सगळ्यांनाच म्हणाल्या,
"पाणी चौथ्या दिवशी. वेळेचा भरवसा नाही.
पहाटे तीनलाही येतं. उठणार कोण तुमच्यात?"
होकायंत्रवाला हसला. मोटर लावू, टँकर सांगू, म्हणाला.
मी म्हटलं, "मीच उठते.
आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
चार बिऱ्हाडांत एक नळ."

भाव त्यांनी एक रुपयानं सोडला नाही.
वीस दिवस दिले फक्त,
आणि बिराजदारला सांगितलं, दुसऱ्या कुणाला आणू नको.
हा उपकार होता की नुसता व्यवहार,
माझं अजून ठरत नाही.
हप्ता गेला त्या दिवशी व्यवहार वाटतो.

बाईच्या नावावर मुद्रांक एक टक्का कमी,
म्हणून कागदावर मी.
रेणुका अंबादास येमूल, लिहून घेणार.
अंगठा टेकताना मशीननं दोनदा नाकारला;
भांड्यांनी रेषा झिजल्यात, कारकून म्हणाला.
तिसऱ्यांदा घेतला.

कागदात तिला मिळकत म्हणतात, बँकेत तारण.
सासूबाई उंबऱ्यावर हळद लावताना म्हणाल्या, इल्लु.
शिवगंगाबाई किल्ली देताना म्हणाल्या, मनी.
कानडीत मनी म्हणजे घर.
मला आधी वाटलं, पैसे मागतायत अजून.
मग वाटलं, मनी, म्हणजे मनात.
त्या मात्र साधंच सांगत होत्या:
घराची किल्ली उलटी फिरते.

शुक्रवारी पहिला पाण्याचा दिवस.
दोन चाळीसला नळ खाकरला,
आधी नुसती हवा, मग गंजाचा घोट, मग पाणी.
अंबादास उताणा झोपलेला, मिहिका त्याच्या हातावर.
मी अनवाणी हौदाशी,
पाणी दांड्यावरच्या खुणेला लागायची वाट बघत.

फोन वाजला.
शिवगंगाबाई, हुबळीहून, लेकाच्या घरून.
तिथे म्हणे नळ दिवसभर चालू असतो.

"आलं का?"
"आलं."
"जोर आहे?"
"आहे."
जरा वेळ गप्प.
"झाकण नीट लाव. पाली पडतात."