रुमालाखालचा भाव

वाशीच्या फळबाजारात बाबा
एकोणतीस वर्षं आंबा हुंगतायत.
हणमंत सपकाळ, मूळचे कोरेगावचे,
हापूसशी नातं ना गोताचं ना मातीचं,
तरी देवगडचे बागवाले म्हणतात, पेटी हणमंतापुढेच उघडा.
देठाशी नाक, अंगठा कमरेला.
कमरेला म्हणजे आंब्याच्या. तिथे जराशी खोलगट जागा असते.
दाबायचं नाही. फक्त विचारायचं.
"ह्यो परवा व्हईल. ह्यो आजच खा.
ह्याच्यात साका हाय, बाजूला ठेव."

माझं ऑफिस ऐरोलीत, सातव्या मजल्यावर.
काचेतून खाडी दिसते,
ओहोटीचा चिखल, लांबवर गुलाबी ठिपके.
मी दिवसाला नऊशे फोटोंवर चौकोन काढते :
डाग. करपा. कच्चा. पक्का. शंका.
कुणाचे आंबे, कुठला बाजार,
दोन हंगाम विचारलं नाही.
मग एका फोटोच्या कडेला अंगठा दिसला,
नखात जुना काळा ठिपका,
हातगाडीखाली चेपला होता, मी चौथीत असताना.
मी अंगठा चौकोनाबाहेर ठेवला.
सूचना तशीच होती : फक्त फळ.

पाडव्यानंतर गाळ्यावर पट्टा आला.
शेठचा नातू हार्दिक, त्यानेच नारळ फोडला.
आंबा सरकतो, कॅमेरा बघतो,
हिरवा दिवा, नाहीतर लाल.
पहिल्या दिवशी पैज लागली, चाळीस आंबे, कापून बघायचे.
यंत्राचे अडतीस बरोबर, बाबांचे छत्तीस.
"दोन आंब्यांनी हरलो," घरी येऊन सांगत होते,
जसं कुस्तीत कुणी नावाजलेला पैलवान
गुणांवर जिंकून गेला.

यंत्राला दोष कसा देऊ?
साक्याचा आंबा गळ्यात पडून
कुणाचं भलं झालंय?

पण अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत डबा द्यायला गेले,
तेव्हा बघितलं :
बाबा आधी दिव्याकडे बघतात,
मग हुंगतात.
आणि नाक आता दिव्याशी कधीच भांडत नाही.

रुमालही गेला.
पूर्वी भाव रुमालाखाली व्हायचा,
दोन हात, वर फडकं,
बोटांवर बोटं, तोंडं गप्प.
आता भाव आधीच पडद्यावर उमटतो,
अख्ख्या गल्लीला एकच.
कळव्याची शेवंताबाई पाटी घेऊन यायची,
नवरा गेला त्या साली बाबांनी
रुमालाखाली एक बोट दुमडलं.
चाळीस रुपये कमी.
शेठला कळलं नाही, शेजारच्या गाळ्याला नाही,
शेवंताबाईनेही तोंडावर काही दाखवलं नाही.
मला हे परवा सांगितलं, पंधरा वर्षांनी,
आणि विचारलं, अगदी साधं,
हिशेब चुकला तर विचारतात तसं :
"ते बोट आता कुठं दुमडायचं?"

रविवार. कोपरखैरणे. ताटात डझनभर आंबे.
"तुझं मशीन काय म्हणतंय?" बाबा म्हणाले.
मशीन ऑफिसात. घरी मी एकटीच.
दोन-चार लाख आंबे बघितलेली मी
एक उचलून नाकाशी नेला
आणि कळेना, देठाकडून की बुडाकडून.
आंबट, गोड, गवताचा, खोक्याचा,
सगळे वास एकाच वेळी आले.
"हा," म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.
कापला. मधोमध पांढुरका, रबरासारखा साका.
बाबा इतके हसले की खोकला लागला.
"माझापन अंदाज ह्योच व्हता," म्हणाले.
खरं की खोटं, विचारलं नाही.
कडेकडेचा गर खाल्ला दोघांनी.

मग खांद्यावरचं फडकं काढून
त्यांनी आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं.
माझी दोन बोटं धरली, तिसरं अर्ध्यावर सोडलं.
अंगठ्याचा तो ठिपका दिसत नव्हता,
पण कुठे आहे ते कळत होतं.
"साठ?" मी बोलून गेले.
"तोंडानं न्हाई."
पुन्हा धरली बोटं. पुन्हा चुकले. पुन्हा.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
काय चाललंय फडक्याखाली?

काही नाही, म्हणालो दोघं.