आठ बाय सहा

मेढा डेपोत मी चौतीस वर्षं कंडक्टरांच्या पिशव्या मोजल्या.
चार आण्यांची तूट निघाली तरी
माणसाला घरी जाऊ दिलं नाही.
हे आधी सांगून ठेवतो.

परसात फळ्यांचा ओटा करायचा
हे शालननं ठरवलं, म्हणजे तिच्या गुडघ्यांनी.
मेटगुताडची थंडी जमिनीतून वर येते.
डिसेंबरात शहाबादीवर पाऊल टेकलं
की दिवसभर ती पाय सोडत नाही.
लाकूड त्या मानानं माणसाळलेलं.

पहिला कागद मी केला.
बारा बाय दहा, नवं सागवान, कठडा, दोन पायऱ्या,
मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या फोटोतल्यासारखा.
तिकडे त्याला डेक म्हणतात.
बेरीज एक लाख बेचाळीस हजार.
शालननं कागद वाचला, चौघडी केली
आणि डुगडुगत्या मिक्सरच्या पायाखाली सारली.
तेव्हापासून मिक्सर हलत नाही.

मग महिनाभर ती ऊन मोजत बसली.
सिल्व्हर ओकच्या रांगेवरून ते नऊ-दहाला उतरायचं,
अकराच्या आत शेजारच्या लॉजच्या टाकीमागे जायचं.
जिथवर पोचेल तिथे ती
जॅमच्या बाटल्यांची झाकणं मांडून ठेवायची.
जानेवारीत मी टेप लावला.
आठ फूट बाय सहा.
"एवढंच ऊन आपल्या वाट्याचं," ती म्हणाली,
"मग ओटा तेवढाच."
घरापासून चार पावलं लांब, वर जरा तिरका.
इतकं तिरकं काही
माझ्या नोकरीत मंजूर झालं नसतं.

दुसरा कागद:
जुनं सागवान, वाईच्या वखारीतून, सात घनफूट, पंधरा हजार चारशे.
(पाडलेल्या बंगल्याच्या चौकटी. एकीवर पेन्सिलीनं
कुणाची तरी उंची लिहिलेली, साल एकोणसत्तर.)
पसरणी घाटातून टेम्पो, अठराशे.
पायाला जांभ्याचे बारा चिरे, सातशे वीस.
न गंजणारे स्क्रू, एकोणीसशे. इथे घासाघीस चालली नाही.
बेलतेल साडेअकराशे, ताडपत्री साडेतेराशे.
यासीन मिस्त्री, चार दिवस, अठ्ठेचाळीसशे.
त्याचा चहा आणि माझा, तीनशे साठ.

पावसाचे चार महिने ताडपत्रीखाली,
धुक्याचे वजा, पाहुण्यांचे वजा,
उरलेल्या दिवसांनी मी खर्चाला भागलं
आणि एका सकाळीचा दर काढला.
शालन म्हणाली, भागाकार तुमच्यापाशीच ठेवा.

फळ्या ठोकताना यासीननं हात पुढे केला.
"सायब, दहाची दोन नाणी द्या."
ती एकावर एक धरून
दर दोन फळ्यांमध्ये उभी घालायचा, स्क्रू पिळायचा, काढायचा.
"लाकूड पाऊस पितं, फुगतं,
थंडीत पुन्हा आटतं.
त्याला हलायला जागा नको का?"
फटीचे पैसे लावले नाहीत त्यानं.
मी विचारलंही होतं.

त्या रात्री हिशेब जुळवला.
बँकेतून काढले सत्तावीस हजार पाचशे.
गेले सत्तावीस हजार चारशे ऐंशी.
शिल्लक वीस हवी.
खिशात दहा.
तीनदा बेरीज केली, मफलर गुंडाळला,
बॅटरी घेऊन बाहेर गेलो.
चौथ्या फटीतून खाली दिसलं,
मातीवर आडवं, निवांत.
हात जात नाही. चिमटा पोचत नाही.
फोनवर यासीन हसला,
"फळी उचकटायला अर्धा रोज पडेल, सायब.
सहाशे."

झोप नीट लागली नाही.
सकाळी गवत पांढरं झालेलं, फळ्यांवर दहिवर,
वाकून पाहिलं तर
नाणं तेवढं कोरडं.
कागदावर शेवटची ओळ लिहिली:
ओट्याखाली, दहा.
सही केली. साक्षीदार म्हणून
शालनपुढे पेन धरलं.
ती शाल सावरत, खुर्ची ओढत निघाली होती.
"पेन नंतर," म्हणाली,
"नऊ-दहा झाले."