रबराची कड

झेस्ताफोनीच्या भट्टीत, गेटाच्या आत, माझी खिडकी.
वीस वर्षं मी इथून मापं बघते:
डोकं छप्पन्न, पाय त्रेचाळीस.
हातमोज्यांत उजवा आधी फाटतो सगळ्यांचा,
एक डावरा दाथो सोडला तर.
त्याचा धड उरलेला उजवा
मी दुसऱ्या कुणाच्या डाव्याशी जुळवून देते.
वहीत याला रकाना नाही.

वाखो आला तेव्हा बाप जाऊन अकरा दिवस झाले होते.
गालांवर रान माजलेलं.
आमच्याकडे बाप गेला की मुलगा
चाळीस दिवस वस्तऱ्याला शिवत नाही.
मी मास्क पुढे सरकवला,
आणि मागे ओढला.
"दाढीवर रबर बसत नाही, बाळा.
केसाकेसातून धूळ आत शिरते."
"मग बापाला कुठे ठेवू, मावशी? लॉकरमध्ये?"

काय बोलणार.
नुग्झार याच खिडकीशी यायचा.
मास्क घ्यायचा, सही करायचा,
मास्क खिळ्याला टांगायचा,
आणि नळाखाली भिजवलेला रुमाल तोंडाला बांधून
ओतकामाला उभा राहायचा.
म्हणायचा, त्या थुतरात गाता येत नाही.
शेवटी हात इतका कापायला लागला
की सही रकान्याबाहेर जायची,
पुढे पुढे तर पानाबाहेर.

मी जुनी वही काढली
आणि वाखोकडे फिरवून ठेवली.
घरून पत्र यावं तसा तो वाचत राहिला,
एकच नाव, पानामागून पान.
मग न बोलता निघून गेला.
त्या दिवशीचा खाडा मी मांडला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला आला.
नाकाच्या कडेनं, गालांवरून, हनुवटीखालून
बोटभर रुंद पट्टी भादरलेली,
रबराची कड टेकते तेवढीच.
आतली मिशी तशीच, हनुवटी तशीच,
कानांकडची दाढीही तशीच.
मधूनच पायवाट पडल्यासारखा चेहरा,
आणि एका जागी रक्ताचा ठिपका.
रांगेत कुणी हसलं नाही.
दाथोनं नमद्याची टोपी काढून हातात धरली.

मी पट्टे आवळले,
दोन्ही फिल्टरांवर तळवे दाबले.
"ओढ श्वास."
मास्क गालांना घट्ट ओढला गेला.
कुठूनही हवा नाही.
उरलेले अठ्ठावीस दिवस आता आत,
त्याच्या मिशीपाशी.

"सही कर."
त्यानं केली. रकान्यात.
मागून कुणीतरी ओरडलं,
त्रेचाळीसचे बूट आलेत का?