कमावलेलं पाणी

फासिकाचा सण सरला की आठ दिवस
मोजोत आमचा कारखाना झोपत नाही.
पंचावन्न दिवसांचा उपास सुटलेला असतो
आणि गावोगावच्या मेंढरांची कातडी
मिठात गुंडाळून
ट्रकामागून ट्रक फाटकाशी.

माझा बाप तोल्ला चुन्याच्या हौदावर होता,
एकवीस वर्षं.
कातडं कमावता कमावता
हातांच्या रेषा गेल्या;
नव्या ओळखपत्राच्या यंत्राला
त्याचा अंगठा सापडलाच नाही.
तेव्हा हौदातलं सगळं रातोरात नदीला.
कुणी विचारलंच, तर
पाणी आहे, वाहणारच.

आता रात्रपाळीला मी, तोल्लाची झेनेबेच,
आणि अडतीस पांढरी नळकांडी.
आत गुंडाळलेला पापुद्रा,
कांद्याच्या सालीहून पातळ.
कातड्याचं पाणी गाळायला
हे आणखी एक कातडं.
जाळत नाही, मारत नाही,
फक्त सांगतं :
तू ये. तू थांब.

काटा चाळिसावर चढला की पंप
चढणीच्या गाढवासारखा धापा टाकतो.
चरबी बसली.
बंद कर, धुवून काढ.
आमच्या कॉफीच्या तीन फेऱ्या असतात तसं :
पहिलं धुणं काळंकुट्ट,
दुसरं तांबूस,
तिसरं नुसतं बरकतीपुरतं.

परवा बाप आला. ग्लास उजेडाला धरून दाखवला.
मी नको म्हणेपर्यंत
त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.
"याला चव नाही."
"नसणारच. पिण्याचं नाही ते,
पुन्हा कातड्यांच्या पिंपात जायचं."
"आणि वास?"
"वासही नाही."
मग तो आपलं बोट बघत बसला,
त्याची एकवीस वर्षं
कुणी गाळून काढून घेतल्यासारखा.

शंभरातलं सत्तर परत मिळतं.
उरलेलं तीस मागच्या अंगणात,
काळ्या प्लास्टिकच्या तळ्यात, उन्हाला.
इथं पाणी मुरणार नाही, साहेब म्हणतात.
आटतं, मीठ होतं, पोती भरतात.
पोती कुठं न्यायची
ते अजून ठरलेलं नाही;
पहारेकरी देगू त्यांच्यावर बसून डबा खातो.

पहाटे कुंपणापलीकडे
मेंढरं येऊन उभी राहतात,
तारेतून तोंड घालून,
मिठाच्या ओढीनं.
पाळी सुटायच्या आधी
मी त्यांना हाकलते.
दुसऱ्या दिवशी
पुन्हा येतात.