कल्व्हर्ट, 'के'नं

हॅलिफॅक्स. काउन्सिलच्या कचेरीचा तिसरा मजला.
मी टाइप करते: झाकलेला ओढा, जुना नकाशा.
चारशे बारा निकाल,
धड एकही उघडेना.

शेजारच्या टेबलाशी शनीज
सकाळपासून तेच शोधत होती,
हे कळलं दुपारी, सूप गरम करताना.
एकाच विहिरीत दोघींनी
दोन पोहरे सोडलेले, पाठीला पाठ लावून.

पुढे आयटीवाल्यांनी बारीकशी सोय केली:
प्रत्येक निकालाखाली चिठ्ठीपुरती जागा.
कित्येक आठवडे ती कोरीच.
आपलं अडाणीपण चारचौघांत
वाळत कोण घालणार?

पहिली चिठ्ठी क्लाइव्ह होल्ड्सवर्थची,
निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळची:
हा नकाशा खोटा. ओढा पुलाखालून नाही,
बेकरीखालून जातो. सत्त्याऐंशी साली
मांडीपर्यंत उभा होतो त्यात.
आणि कल्व्हर्ट 'के'नं शोधा,
आमच्या टायपिस्टबाईंचं स्पेलिंग तसंच होतं.

'के'नं शोधलं.
एकोणतीस कागद.
इतकी वर्षं एका अक्षरामागे
दडून बसलेले.

शनीजनं खाली लिहिलं: पान सहा उलटं स्कॅन झालंय.
मी लिहिलं: मान वाकडी केली की वाचता येतं.
काल कुणी नवा, नाव ओळखीचं नाही,
विचारतो: बेकरी कुठली?
तिथे तर नखं रंगवायचं दुकान आहे.

चार वाजलेत, बाहेर काळोख.
क्लाइव्हचा नंबर शनीजकडे असेल.
मी लिहिते: थांब,
विचारून सांगते.